आरसा आणि ताट

साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या मनुष्यानें आरशासमोर फार वेळ उभें राहूं नये, असें मीं वर्गांत मुलांना कधीं शिकविलें नाहीं. कारण तें मला स्वतःलाच फार उशिरां कळलें. २०१८ सालीं आप्तांकडील एका मुंजीचीं छायाचित्रें पाहतांना, सदऱ्याच्या गुंड्या ताणलेला आणि हनुवटीखालीं दुसरी हनुवटी असलेला हा गृहस्थ कोण, असा प्रश्न मला पडला. ते आपणच आहांत, हें माझ्या बारा वर्षांच्या नातीनें हंसत हंसत सांगितलें. त्या दिवसापासून पोटापेक्षां लाजच अधिक जड वाटूं लागली.

त्या सुमारास महाराष्ट्रांत घरोघर आहाराचीच चर्चा होती. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनीं मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं व्याख्यानांतून गांवोगांवीं पोंचविला होता. कडकडून भूक लागेल अशा दोन वेळांसच जेवावें, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपावें, मध्यंतरीं पाणी, पातळ ताक वा बिनसाखरेचा कोरा चहा यांखेरीज कांहीं घेऊं नये आणि ४५ मिनिटांत ४.५ किलोमीटर चालावें, असा तो नियम. खाल्ल्याबरोबर इन्सुलिन स्रवतें आणि तें वारंवार वाढत राहिल्यास शरीरांत चरबी सांठते, ही त्यामागील उपपत्ति. उलट पक्षीं मुंबईच्या ऋजुता दिवेकर तूप, भात, केळें असें घरचें अन्न निर्भयपणें व थोड्याथोड्या अंतरानें खावें, असें सांगत होत्या. आमच्या वर्तकनगरांतून सकाळीं उपवन तलावाकडे फिरावयास जाणाऱ्या मंडळींत त्यामुळें सरळ दोन पंथ पडले.

मी पहिल्या पंथांत शिरलों. मधुमेहाची गोळी मी रोज घेत होतों. परंतु जेवणाच्या वेळा बदलल्यास औषधहि बदलावें लागेल काय, हें डॉक्टरांस विचारण्याचें मला सुचलें नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत तलावाच्या कांठीं हात थरथरूं लागले, घाम सुटला, डोळ्यांपुढें अंधारी आली. बाकावर बसलेल्या एका भगिनींनीं साखरेचा चहा पाजला म्हणून निभावलें. याचा दोष त्या पद्धतीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तो माझ्या उतावीळपणाचा होता.

खरा धक्का पुढेंच होता. नातीचा शाळेचा डबा भरलेलाच परत येतो, असें सौ.नें एके दिवशीं सांगितलें. मीं जवळ बसवून विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “आबा, तुम्ही रोज आरशांत पाहून पोट आंत ओढतां. मलाहि माझे गाल आवडत नाहींत.” अठरा वर्षांखालील मुलांनीं हा नियम पाळूं नये, असें त्याच्या प्रवर्तकांनींच बजावलें आहे. परंतु या मुलीनें माझा नियम उचललाच नव्हता. तिनें उचलली होती ती माझी लाज.

शिक्षकाला अशा वेळीं पुस्तकच आठवतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निंद्य मानलेल्या आठ देहांचा एक अध्याय आहे. अतिस्थूल आणि अतिकृश तर त्यांत आहेतच. पण अतिकृष्णाच्या शेजारीं अतिगौरहि बसविला आहे! तें ऐकून नात चकित झाली. मीं तिला म्हटलें, “चरकाचा रोष रंगावर किंवा गालांवर नाहीं, ‘अति’ या उपसर्गावर आहे.” आहाराची मात्रा ज्याच्या त्याच्या अग्नीवर अवलंबून असते, हेंहि चरकानेंच सांगितलें आहे, शेजाऱ्याचें ताट पाहून आपलें वाढून घेण्यास तेथें आधार नाहीं.

आजचें शास्त्र मोजमाप देतें, तें अवश्य घ्यावें. २००९ मध्यें भारतीय तज्ज्ञांनीं ठरविल्याप्रमाणें पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटीमीटरांच्या आंत असावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत निम्मे ताट भाज्या व फळें यांनीं भरावें, असें सुचविलें आहे. आम्हां ब्राह्मणांच्या पानांत मध्यें भाताचा डोंगर आणि डाव्या बाजूस बोटभर कोशिंबीर. म्हणजे रचना शास्त्रोक्त, प्रमाण मात्र उलटें! शिवाय उरलेलें वायां जाऊं नये म्हणून गृहिणीनें तें शेवटीं संपवावयाचें, या रीतीची गणना आपण आहारांत कधीं केलीच नाहीं.

आतां डॉक्टरांच्या सल्ल्यानें माझ्या वेळा व गोळ्या ठरल्या आहेत. भात एक मूद, वरण, पालेभाजी भरपूर, कोशिंबीर वाटीभर. सौ. आमच्याबरोबरच पानावर बसते. उरलेलें दुसऱ्या दिवशींच्या थालिपिठांत जातें. माझी कंबर अजून ९६ सेंटीमीटर आहे, आणि तें सांगतांना आतां संकोच वाटत नाहीं. नात महाविद्यालयांत जाऊं लागली आहे. तिच्यासमोर मी स्वतःच्या पोटाची निंदा करीत नाहीं, एवढेंच एक व्रत मीं अखंड पाळलें आहे. आणि तिचा डबा रोज रिकामा परत येतो.