एकाच लायब्ररीचे नाव यादीत दोनदा का?



आपल्या अनेक घरांत आता कोणी ना कोणी सॉफ्टवेअरच्या कामात आहे आणि ‘आज बिल्ड फेल झालं’ हे वाक्य जेवणाच्या टेबलावर ऐकू येते. त्यामागचे एक नेहमीचे कारण या लेखात समजून घेऊ. या क्षेत्रात नव्याने उतरलेल्या मुलांनाही त्याचा उपयोग होईल.

कोणताही प्रोग्रॅम पूर्णपणे नव्याने लिहिला जात नाही. तयार कामांचे गठ्ठे, म्हणजेच लायब्ररी, त्याला जोडाव्या लागतात. ही जोडणी ‘लिंकर’ करतो आणि कोणत्या लायब्ररी कोणत्या क्रमाने घ्यायच्या याची यादी ‘सी-मेक’सारखी बिल्ड सिस्टिम त्याला तयार करून देते. या यादीत कधी कधी एकच नाव दोनदा दिसते. ती चूक समजावी का?

गणपतीच्या खरेदीचे उदाहरण घ्या. बाजारातून एकाच दिशेने जायचे, मागे फिरायचे नाही. वाण्याकडे त्या क्षणी यादीत असेल तेवढेच घेतले. पुढे भांड्यांच्या दुकानात मोदकाचा साचा घेतला, तेव्हा लक्षात आले की तांदळाची पिठी राहिली! वाण्याचे दुकान तर मागे गेले. पुढे पुन्हा वाणी लागला तरच काम होईल.

लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा जीएनयू लिंकर स्टॅटिक लायब्ररींच्या बाबतीत असाच वागतो. तो यादी डावीकडून उजवीकडे एकदा वाचतो आणि प्रत्येक लायब्ररीतून त्या वेळी अडलेले तेवढेच भाग उचलतो. ‘अ’ला ‘ब’ लागत असेल तर ‘ब’ नंतर हवी. दोघींना एकमेकींची गरज असेल तर ‘अ ब अ’ असे लिहावे लागू शकते. दुसरा उपाय म्हणजे दोघींचा एक गट करून देणे. मग लिंकर नवे काही सुटायचे थांबेपर्यंत त्या गटात फिरत राहतो, पण त्यात वेळ जातो. असे चक्र दिसले की सी-मेक ती नावे स्वतःच पुन्हा लिहितो. डायनॅमिक लायब्ररीला मात्र सहसा अशा पुनरावृत्तीची गरज नसते.

अॅपलच्या लिंकरला स्टॅटिक लायब्ररींसाठीही ही पुनरावृत्ती लागत नाही. २०२३ मध्ये एक्सकोड १५ सोबत आलेला त्याचा नवा लिंकर तर ‘दुबार लायब्ररी दुर्लक्षित केली’ असा इशारा देऊ लागला. इथेच घोटाळा होतो. मॅकवरचा इशारा घालवायला कोणी हाताने दुसरे नाव खोडले, की तोच प्रोग्रॅम लिनक्सवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणत अडू शकतो. आणि चूक भलत्याच ठिकाणी शोधण्यात दिवस जातो.

यावर २०२४ मध्ये सी-मेकच्या ३.२९ आवृत्तीत ‘सीएमपी ०१५६’ हे धोरण आले. ते लागू केले की लिंकरची कुवत पाहून दुबार नावे काढली जातात. जिथे पुनरावृत्ती लागते तिथे ती राहते. जुन्या प्रकल्पांची घडी मोडू नये म्हणून ते आपोआप लागू होत नाही. प्रकल्पाने किमान ३.२९ आवृत्ती मागितली किंवा धोरण स्पष्टपणे निवडले, तरच ते चालू होते.

नव्या मंडळींनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लायब्ररींची लांबलचक यादी हाताने लिहू नका. प्रत्येक लायब्ररीला थेट कोणाची गरज आहे एवढेच सी-मेकला खरे सांगा, क्रम तो लावेल. आणि दोन लायब्ररी सतत एकमेकींवर अडत असतील, तर त्या मुळात एकच असायला हव्यात का, किंवा दोघींना लागणारा भाग वेगळा काढता येईल का, हे तपासा.

थोडक्यात, दुबार दिसलेले नाव खोडण्यापूर्वी ती यादी वाचणारा लिंकर कोणता, हे आधी पाहावे.