क्रोशाच्या सुईची उसनवारी

वऱ्हाडातल्या शेंदूरजनाघाटचं नाव संत्र्याच्या कलमांसाठी. जंभेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधायचा; मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं. वऱ्हाडातल्या दारांवरची क्रोशाची तोरणंही अशीच कलमी आहेत. मध्ये ‘सुस्वागतम्’ आणि दोन्ही टोकांना मोर, ही चौकटी-चौकटीची नक्षी क्रोशाची स्वतःची नव्हे. ती युरोपातल्या ‘फिले’ या जाळीदार लेसची नक्कल आहे.

फिलेत कोळी मारतात तशाच गाठींची जाळी आधी विणतात आणि मग शिवणाच्या सुईनं ठरावीक घरं भरतात. क्रोशेवालीनं दोन्ही कामं एकाच ओळीत उरकली. खांब, दोन साखळ्या, खांब: रिकामं घर. साखळ्यांच्या जागी खांब: भरलेलं घर. नक्कल उघडी पडते ती वळणावर. शिरोरेघ झकास बसते, पण ‘स’च्या पोटाला पायऱ्या पडतात. हात सैल असला तर खांब उंच होतात, घर चौकोनी राहत नाही आणि मोराची मान उगाच लांबते.

मग ही उसनवारी कशाला? एक तर लेस म्हणजे राजेरजवाड्यांची आणि धर्मगुरूंची मिरास. तिचा थाट सगळ्यांनाच हवा, पण ती करणं महाकर्मकठीण. एका प्रकाराला उशी, टाचण्या आणि दोरा गुंडाळलेल्या डझनावारी काड्या लागतात. दुसऱ्यात काजाच्या बारीक टाक्यांनी महिनोन्‌महिने डोळे फोडायचे. क्रोशाला एक आकडीची सुई आणि एक दोरा पुरतो. शिवाय कधीही पाहा, उघडा टाका एकच. दूध उतू चाललं तर काम ठेवून उठता येतं. माझ्या मते हे शेवटचं कारणच सगळ्यांत वजनदार आहे.

पण आयर्लंडमध्ये कारण पोटाचं होतं. १८४५ पासून बटाट्याचं पीक रोगानं गेलं, दुष्काळ पडला. जोगिणींच्या मठांतून आणि क्लोन्स गावी कॅसँड्रा हँड या पाद्रीपत्नीच्या खटपटीतून बायकांच्या हाती क्रोशा आला. नमुना व्हेनिसच्या उठावदार लेसचा. उठाव आणायला जाड दोरी आत धरून तिच्यावर मुके खांब घालत. फुलं-पानं सुटी विणून कापडावर उलटी टाचत, मधली जागा जाळीनं भरत आणि शेवटी कापड काढून टाकत. व्हेनिसच्या लेसपेक्षा हे काम कितीतरी लवकर हातावेगळं होई, म्हणून विकलं जाई. पुढे या नकलेलाच ‘आयरिश क्रोशे’ म्हणून मान मिळाला.

आपल्याकडे हा धंदा बहरला आंध्रातल्या नरसापूरला, मिशनऱ्यांमुळे. तिथल्या बायकांचा माल परदेशी जाई, पण त्या फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी गणल्या जात, म्हणून मजुरी नगण्य. अभ्यासक मारिया मीस यांनी १९८२ च्या पुस्तकात हे उघड केलं. २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं मजुरी वाढते का, हे विणणाऱ्यांनाच विचारावं.

गंमत म्हणजे नक्कल करणाऱ्याचीही नक्कल झाली. १८८० च्या दशकात यंत्रानं कापडावर भरतकाम करून ते कापड रसायनानं विरघळवायची युक्ती निघाली आणि आयरिश क्रोशाची हुबेहूब लेस निघू लागली. खरा क्रोशा विणणारं यंत्र मात्र आजही बाजारात नाही. तेव्हा ‘क्रोशा लेस’ म्हणून मीटरवर मिळणारा माल बहुधा यंत्रानं केलेली नक्कलच. ओळखायचं तर शेवटचं टोक शोधून ओढा. एकच दोरा ओळीमागून ओळ उसवत आला तर हातचं काम. दुकानदारासमोर तेवढा हा प्रयोग करू नये.