खाडी आडवी आली की

वैतरणेच्या मुखापासून डहाणूपर्यंतचा किनारा नकाशात जवळजवळ सरळ रेघेसारखा दिसतो. ती रेघ पाहून मुंबईचा एखादा बाईकवाला ‘समुद्राच्या कडेकडेनं डहाणू’ असा बेत करून निघतो आणि पहिल्या दोन-तीन गावांतच तो बेत गुंडाळतो. दातिवऱ्याला वैतरणा आडवी. केळव्याच्या अलीकडे दांड्याची खाडी. सातपाटी आणि मुरबे खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर, पण एका गावातून दुसऱ्यात रस्त्यानं जायचं तर आत वळावंच लागतं. तारापूर आणि चिंचणीच्या मध्ये पुन्हा खाडी. दर वेळी रस्ता गावात शिरतो, त्याची गल्ली होते आणि गल्ली वाळूत संपते. मग गाडी वळवायची, पूल गाठायचा आणि पुढचा फाटा धरायचा.

डोकं मोकळं करायला एकट्यानं बाईक काढायची म्हणणाऱ्याला मी माहीम सुचवतो, ते याच कारणासाठी. माहीम म्हणजे पालघरचं, केळव्याला खेटून असलेलं, मुंबईतलं नव्हे. (ही गल्लत जुनी आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ छापली, आणि तिच्यातली महिकावती या दोन माहीमांपैकी कोणती यावर अभ्यासक अजून वाद घालतात.) किनाऱ्यावरची ही गावं एकमेकांना सलग रस्त्यानं जोडलेली नाहीत, म्हणून इथून आरपार जाणारी वाहतूक नाही. ज्याला घाई आहे तो पालघरच्याही पलीकडे, मनोरला, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर असतो. माहीमच्या रस्त्यावर येतो तो माहीमलाच आलेला असतो, किंवा चुकलेला.

खाड्यांनी इथला इतिहासही असाच तुकड्यातुकड्यांत घडवला. पोर्तुगीजांना माहीत होतं की या किनाऱ्याची दारं म्हणजे खाड्यांची तोंडं, म्हणून थोड्या-थोड्या अंतरावर एखादा छोटा कोट: केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत दांड्याजवळ मराठ्यांनी आपला भवानगड उभारला आणि जानेवारी १७३९ मध्ये ही सगळी ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरला मराठा सरदार बाजी भिवराव पडले. मे महिन्यात वसई पडली. आज यातला एकही कोट असा भव्य नाही की त्यासाठी बसेस भरून लोक यावेत. शिरगावच्या कोटातलं फांद्या फुटलेलं ताडाचं झाड बघायला मात्र थांबावं; ताडाला फांद्या म्हटल्यावर आपण आधी हसतो, मग मान वर करून मोजू लागतो.

आता मूळ प्रश्न. बाईकवर डोकं मोकळं होतं म्हणजे नेमकं काय होतं?

‘वारा लागतो, बरं वाटतं’ हे उत्तर अर्धवट आहे. वारा लोकलच्या दारातही लागतो आणि तिथे डोक्यातलं हिशेबांचं चक्र थांबत नाही. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक गोष्ट मांडली, ती पुढे फार गाजली: हातात ठरावीक काम नसतं तेव्हा मेंदू विसावत नाही, त्याचे काही ठरावीक भाग उलट जास्त कामाला लागतात. कालचं बोलणं, उद्याची भीती, ‘मी असं म्हणायला हवं होतं’ हे सगळं त्याच वेळात उगाळलं जातं. म्हणून ताणात असलेल्या माणसाला ‘जरा शांत बस’ म्हणणं बऱ्याचदा उलटं पडतं. त्याला हवं असतं काम. फार अवघड नको, फार सोपंही नको, आणि हात-पाय गुंतवणारं.

बाईक हे काम देते. उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्या हातात क्लच, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक, डाव्या पायाखाली गिअर. चारही अवयवांना चार वेगळी कामं आणि तोल सगळ्या अंगाचा. पण हे काम पुरेसं आहे की नाही, ते रस्ता ठरवतो. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण ११ मीटर जाते. माहीम-केळव्याच्या वाड्यांमधल्या वळणावर पुढचं वीसेक मीटरच दिसत असेल, तर तुमच्या हातात दोन सेकंदही नाहीत. समोरून टेम्पो येईल, कोंबडी येईल, सायकलवर नारळ घेतलेला म्हातारा येईल. मग आपोआप वेग तीसवर येतो, दुसरा-तिसरा गिअर चालू राहतो आणि मेंदूला दर मिनिटाला लहान-लहान निर्णय घ्यावे लागतात. त्यात कालच्या मीटिंगला जागा उरत नाही.

महामार्गावर नेमकं उलटं. तिथे ताशी ८० ला सेकंदाला २२ मीटर जातात, पण निर्णय जवळजवळ नाहीत. टॉप गिअर, सरळ काँक्रीट, कडेला कंटेनर. हातांना काम नाही आणि पोटात भीती आहे. घोडबंदर ते अच्छाडपर्यंतच्या काँक्रीटीकरणात २०२४ साली ज्यांनी त्या रस्त्यावर तासन् तास काढले, त्यांना तिथे डोकं मोकळं करण्याविषयी काही विचारू नये. महामार्गानं डहाणू गाठून संध्याकाळी परतलेले लोक ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात, तेव्हा मला आश्चर्य वाटत नाही.

याला प्रयोगाचा आधारही दिला जातो. २०२१ मध्ये ‘ब्रेन रिसर्च’ या नियतकालिकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला. अनुभवी चालकांच्या डोक्याला सेन्सर लावून त्यांना वीसेक मिनिटं बाईक चालवायला दिली. हृदयाचे ठोके सरासरी ११ टक्के वाढले, अ‍ॅड्रेनलिन २७ टक्के वाढलं आणि ताणाशी निगडित संप्रेरकांची पातळी २८ टक्के घटली. वाचायला छान. फक्त एवढं लक्षात ठेवावं की या अभ्यासाला पैसा हार्ले-डेव्हिडसननं दिला होता, आणि भाग घेणारे सगळे आधीपासूनच बाईक चालवणारे होते. ज्याला गाडीवर बसल्यावर घाम फुटतो, त्याचे आकडे यात नाहीत. वीस मिनिटांनी घटलेला ताण संध्याकाळपर्यंत टिकतो का, हा प्रश्नही आहेच. मन खरोखरच काळोखात अडकलं असेल, आठवडेच्या आठवडे झोप नसेल, तर फेरफटका हा इलाज नव्हे. त्यासाठी डॉक्टर आहेत, आणि सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची हेल्पलाइन आहे.

आडरस्त्यांचा आग्रह धरणारं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक रॉबर्ट पिर्सिगचं, १९७४ साली आलेलं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’. पिर्सिग १९६८ मध्ये मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला गेला, मोठे हायवे शक्य तितके टाळून. एकट्यानं फिरणारे या पुस्तकाची शपथ घेतात, पण त्यातला प्रवास मुळात डबलसीटचा आहे. मागे त्याचा मुलगा बसलेला होता, आणि काही दिवस सोबत दुसऱ्या गाडीवर मित्र नवरा-बायकोही.

मग एकट्यानंच का? कारण ग्रुप राइडमध्ये वेग ग्रुपचा असतो. पुढच्याच्या मागच्या दिव्याकडे बघत जायचं, थांबायचं ठरलेल्या ढाब्यावर, आणि थांबल्यावर फोटो. एकटा माणूस केळव्याच्या शीतलादेवीच्या देवळापाशी अर्धा तास बसला काय किंवा न बसता पुढे गेला काय, कुणाला काही सांगावं लागत नाही. शिवाय दुसरी बाजू गावाची आहे. आठ-फुटी गल्लीतून पंधरा बुलेट एका ओळीनं जाताना त्या वाडीतल्या दुपारच्या झोपेचं काय होतं, हे तिथल्या कुणालाही विचारावं.

सुरुवात कुठून करायची याचे तीन पर्याय आहेत. महामार्गावर वराई फाट्याला वळून तांदुळवाडीच्या घाटातून सफाळे. किंवा मनोरहून सूर्या नदी ओलांडून वाघोबा खिंडीतून पालघर. खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे, इथे हात जोडूनच पुढे जाण्याची रीत आहे, आणि माकडं तुमच्या सीटवरची पिशवी पळवतात. तिसरा पर्याय नवा आहे. २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याजवळच्या जलसारपर्यंत रो-रो बोटसेवा सुरू झाली. पाण्यावरून अंतर जेमतेम दीड किलोमीटर, रस्त्यानं फिरून गेलं तर साठेक. गाडी बोटीवर चढवून वैतरणा ओलांडणं आणि मग एडवणच्या आशापुरीपाशी किनारा पकडून मथाणे, उसरणी, दांडा, केळवे करत माहीमला उतरणं, मला हाच मार्ग आवडतो. विरारपासून पुढे हायवेला चाकच लागत नाही.

केळव्यापासून माहीमपर्यंत सावली सुटत नाही. नारळ, सुपारी, केळी आणि या गावांचं नाव ज्यावर चालत आलं ते पानमळे. पानवेलीला ऊन सोसत नाही, म्हणून मळा गर्द राखावा लागतो, आणि त्याचा फायदा रस्त्यालाही मिळतो. एप्रिलमध्येही वाडीतून जाताना हेल्मेटच्या आत हवा गार येते. कुंपणापाशी पानांच्या करंड्या भरल्या जाताना दिसतात. पण या हिरव्यागार चित्रावर फार भाळू नये. माहीमच्या पाणेरी नाल्यात पालघरच्या कारखान्यांचं सांडपाणी येतं, ही गावकऱ्यांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे, आणि वाऱ्याची दिशा बदलली की ती तक्रार पाहुण्यालाही कळते.

दुसरी गोष्ट अधिक बोचते. याच रस्त्यांवरून सकाळी शेकडो बायका-माणसं स्कूटी आणि बाईकवरून पालघर स्टेशनला जातात, बोईसरच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातात. वळणं तीच, कोंबड्या त्याच, सेकंदांचं गणितही तेच. पण आठला पंचिंग असेल तर त्याच वळणावर डोकं मोकळं होत नाही, उलट आणखी ताणलं जातं. म्हणजे रस्त्यात औषध नाही. ते रस्ता आणि रिकामा दिवस यांच्या मिश्रणात आहे, आणि रिकामा दिवस सगळ्यांना परवडत नाही. रविवारी मुंबईहून आलेल्याला गाडी हळू चालवायची असेल तर त्यानं निदान मागच्याला वाट द्यावी. मागचा कामावर निघालेला असतो.

तयारीबद्दल थोडंसं. ११० ते १२५ सीसीची साधी गाडी इथे सगळ्यात बरी. हलकी असते, गल्लीत वळते, सफाळे-पालघर-बोईसर कुठेही तिचा मेकॅनिक सापडतो. निघण्याआधी चेन, हवा आणि ब्रेक बघावेत, आणि परत कधी येणार ते घरी कुणाला तरी सांगून ठेवावं. किनाऱ्याजवळ डांबरावर वाऱ्यानं आलेली वाळू असते, वळणावर पुढचा ब्रेक एकदम दाबला की गाडी खालून निघून जाते. कोळीवाड्याच्या आसपास रस्त्याच्या कडेला मासळी सुकायला घातलेली असू शकते. ती कुणाची तरी मजुरी आहे, तिच्यावरून चाक नेऊ नये. केळव्याच्या पुळणीवर गाडी उतरवू नये, भरती आली की फोटोऐवजी ट्रॅक्टर शोधावा लागतो. पावसाळ्यात खड्डा आणि डबकं यांतला फरक कळत नाही, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. थंडीत इथल्या वाडवळ समाजाच्या घरी उकडहंडी शिजते. ओळख असेल तर दुपार तिथेच जाते आणि सातपाटी राहून जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्याचा मासा ठरला, त्या पापलेटाचं हे मोठं बंदर.

हे रस्ते असेच राहतील असं मानून बेत लांबणीवर टाकू नये. याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झालं, मच्छीमारांचा विरोध असतानाही. ते बंदर महामार्गाला जोडण्यासाठी वरोर ते तवा असा ३२ किलोमीटरचा नवा रस्ता आखलेला आहे. मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे. बुलेट ट्रेनचे खांब आणि मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग याच पट्ट्यातून जातात. प्रत्येक खाडीवर पूल व्हावा ही इथल्या लोकांची मागणी जुनी आणि रास्त आहे. आजारी माणसाला पलीकडच्या काठावर न्यायला वीस किलोमीटरचा वळसा पडतो तेव्हा त्याला आडरस्त्याचं कौतुक ऐकवण्यात अर्थ नाही. पूल झाले की रस्ता सलग होईल, रस्ता सलग झाला की ट्रक येतील, आणि समुद्राच्या कडेकडेनं डहाणूला जाणाऱ्या बाईकवाल्याचा बेत एकदाचा तडीस जाईल. घाई असलेल्यांनी तोवर थांबावं. ज्यांना घाई नाही त्यांनी या हिवाळ्यातच यावं, दांड्याच्या खाडीपाशी गाडी वळवायची तयारी ठेवून.