घरगुती नेटवर्क उपकरणांसाठी नोंद-सर्व्हर : संकल्पना, मांडणी व मर्यादा

प्रस्तावना

शिरपूर हे धुळे जिल्ह्यातील अरुणावती नदीकाठचे तालुक्याचे ठिकाण अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आदी विद्याशाखांच्या महाविद्यालयांमुळे शैक्षणिक केंद्र म्हणून परिचित आहे. अशा गावातील प्राध्यापकाच्या घरी आज राउटर, कॅमेरा, प्रिंटर, दूरचित्रवाणी संच व कुटुंबातील सर्वांचे मोबाइल एकाच जोडणीवर चालतात. ऑनलाइन व्याख्यान आणि बँकेचे व्यवहारही तिच्यावरूनच होतात. जोडणी बिघडली की राउटर बंद करून पुन्हा सुरू करणे हा सर्वमान्य उपाय होय. तो बहुधा यशस्वीही होतो. परंतु त्याबरोबर बिघाडाचा पुरावा नाहीसा होतो. बहुतेक घरगुती राउटर आपल्या नोंदी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात व वीज जाताच त्या पुसल्या जातात.

ही बाब केवळ गैरसोयीची नाही. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातील मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. ही प्रणाली उपकरणाच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहत असे. उपकरण बंद करताच ती नष्ट होई आणि तिचा मागही उरत नसे. पासवर्ड तोच राहिल्याने पुन्हा लागण होई. म्हणून उपकरणाची नोंद उपकरणाबाहेर ठेवणे आवश्यक ठरते.

संकल्पना व पार्श्वभूमी

महाविद्यालयाच्या कार्यालयात जे स्थान आवक-जावक नोंदवहीचे, तेच नेटवर्कमध्ये नोंद-सर्व्हरचे असते. यासाठीची ‘सिसलॉग’ पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात ‘सेंडमेल’ या टपालप्रणालीसाठी विकसित केली. तिचे प्रचलित स्वरूप २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात वर्णिले गेले व २००९ मध्ये आरएफसी ५४२४ हे प्रमाणक आले. प्रत्येक संदेशास ० ते २३ पैकी एक स्रोतक्रमांक व ० ते ७ पैकी एक तीव्रताक्रमांक असतो. ० ही सर्वाधिक गंभीर स्थिती होय. स्रोतक्रमांकास ८ ने गुणून तीव्रता मिळविली की संदेशाचा अग्रक्रमांक मिळतो. उदाहरणार्थ, स्रोत १६ व तीव्रता ४ असल्यास तो १३२ येतो.

मांडणी

१) रास्पबेरी पायसारखा लहान संगणक अथवा वापरात नसलेला जुना संगणक लिनक्ससह पुरेसा होतो. राउटरमधून त्यास कायमचा स्थानिक पत्ता नेमून द्यावा.

२) त्यावर ‘आरसिसलॉग’ हे मुक्त सॉफ्टवेअर बसवावे. डेबियनच्या २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून ते आपोआप बसविले जात नाही. त्यात यूडीपी ५१४ हे पोर्ट खुले करून प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्र फाइल ठरवावी.

३) राउटरच्या व्यवस्थापन पानावर दूरस्थ नोंदीची सोय असल्यास तेथे सर्व्हरचा पत्ता भरावा. बाहेरील इंटरनेटकडून ५१४ पोर्ट बंदच असावे.

४) ‘लॉगरोटेट’द्वारे जुन्या फाइली संकुचित कराव्यात व ठरावीक मुदतीनंतर काढून टाकाव्यात. दररोज २०० बाइटचे १०,००० संदेश गृहीत धरले, तरी १८० दिवसांत सुमारे ३६० एमबी जागा लागते.

५) राउटर व सर्व्हर या दोहोंना लहान यूपीएस जोडावा. वीज अचानक गेल्यास मेमरी कार्डावरील फाइली खराब होण्याचा संभव असतो.

वेळेचा प्रश्न

नोंदीचे मोल तिच्या वेळेवर अवलंबून असते. जुन्या स्वरूपात वर्ष व कालविभाग लिहिलेले नसतात. राउटर जागतिक वेळेवर असेल, तर त्याची २०:४० ची नोंद भारतात रात्री २:१० ची ठरते आणि तारीखही बदलते. शिवाय, रास्पबेरी पायच्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या नमुन्यांत स्वतंत्र घड्याळ नाही. त्यामुळे सर्व उपकरणांची वेळ एनटीपीद्वारे जुळविणे अनिवार्य आहे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी संस्थांना वेळेचे असे एकत्रीकरण व १८० दिवसांच्या नोंदी बंधनकारक केल्या. वैयक्तिक नागरिकास ते लागू नाहीत. तथापि घरासाठीही ही मुदत मार्गदर्शक ठरावी.

मर्यादा

यूडीपी हे पोचपावती नसलेल्या साध्या टपालासारखे आहे. संदेश हरवल्यास ते कोणासही कळत नाही. बहुतांश मोबाइल व दूरचित्रवाणी संच स्वतः नोंदी पाठवीत नाहीत. राउटरने त्यांना पत्ता दिल्याची नोंद तेवढी मिळते. त्यातही अलीकडील मोबाइल बदलता हार्डवेअर-पत्ता वापरत असल्याने ओळख पटविताना सावधगिरी हवी. अनोळखी पत्ता म्हणजे चोरच, असा निष्कर्ष घाईचा ठरेल.

याहून महत्त्वाचा प्रश्न खासगीपणाचा आहे. घरातील कोण केव्हा जोडले गेले, हे या नोंदींतून कळते. म्हणून कुटुंबीयांना त्याची पूर्वकल्पना द्यावी, भेट दिलेल्या संकेतस्थळांची नोंद टाळावी आणि सर्व्हरचा पासवर्ड स्वतंत्र ठेवावा.

समारोप

नोंद-सर्व्हर हल्ला थोपवीत नाही वा बिघाड दुरुस्त करीत नाही. काय घडले याची साक्ष तो टिकवितो. ती साक्ष वाचली गेली तरच उपयोगी पडते. आठवड्यातून एकदा अयशस्वी प्रवेशप्रयत्न, राउटर पुन्हा सुरू झाल्याच्या वेळा आणि नवे पत्ते, एवढे पाहिले तरी पुरे. असे केल्यास सेवा पुरवठादाराकडे तक्रार करताना ‘जोडणी वारंवार जाते’ या विधानाऐवजी तारीख व वेळ सांगता येते, आणि राउटर पुन्हा सुरू करण्यापूर्वी काय घडले होते, याचे उत्तर घरातच उपलब्ध राहते.