शेवटचा दशांश सेकंद

बास्केटबॉलच्या सामन्यातला शेवटचा भोंगा वाजतो, त्या क्षणी चेंडू हवेत असतो, आणि मग तो कड्यातून खाली पडतो. गुण द्यायचे की नाही? नियम म्हणतो, द्यायचे. फक्त वेळ संपण्यापूर्वी चेंडू खेळाडूच्या हातून सुटलेला हवा. लांबून टाकलेला चेंडू कड्यापर्यंत पोहोचायला एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेतो, पण त्याचा हिशेब कोणी करीत नाही. हे योग्यच आहे. एकदा सुटलेल्या चेंडूवर खेळाडूची सत्ता चालत नाही. खरी पंचाईत पुढेच आहे. चेंडू हातात किती वेळ होता, हे मोजायचे कोणी आणि कसे?

१५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निक्स आणि शिकागो बुल्स या अमेरिकी व्यावसायिक संघांचा सामना चालू होता. गुण १०६–१०६ असे बरोबरीत होते आणि घड्याळात उरला होता ०.१ सेकंद. निक्सच्या मार्क जॅक्सनने रेषेबाहेरून चेंडू आत फेकला. असा चेंडू मैदानातल्या खेळाडूला लागेपर्यंत घड्याळ बंद असते, हे ध्यानात ठेवा. ट्रेंट टकरने तो झेलला, नेम धरला आणि टाकला. तीन गुण मिळाले आणि निक्स १०९–१०६ असे जिंकले! शिकागोने तक्रार केली, पण ती फेटाळली गेली.

आता ०.१ सेकंद म्हणजे केवढा वेळ ते पाहू. हातातून सोडलेली वस्तू t सेकंदांत ½gt² एवढे अंतर पडते. g = ९.८ धरा. ०.१ सेकंदात वस्तू जेमतेम ५ सेंटिमीटर पडते. तेवढ्यात झेलायचे, नेम धरायचा आणि फेकायचेही! हे कोणाही माणसाला शक्य नाही. मग घड्याळाने ते मान्य कसे केले?

याचे उत्तर तुमच्या घरी मिळेल. मित्राला एक फूटपट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी तुमचा अंगठा आणि बोट पट्टीला न लावता उघडे ठेवा. न सांगता त्याने पट्टी सोडली की ती पकडा. बहुधा ती २० सेंटिमीटरच्या आसपास हाती लागेल. सूत्रात घालून पाहा, म्हणजे सुमारे ०.२ सेकंद येतील. डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत एवढा काळ जातोच. यालाच प्रतिक्रियाकाल म्हणतात. घड्याळाचे बटण दाबणाऱ्या वेळाधिकाऱ्याचे बोटही तुमच्याआमच्यासारखेच. चेंडू टकरच्या हाताला लागल्याचे पाहून त्याने बटण दाबेपर्यंत ०.१ सेकंद दोनदा संपून गेलेला असणार. यात लबाडी कोणाचीच नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेत दोलकाचे एकच दोलन मोजू देत नाहीत, वीस दोलनांचा वेळ घेऊन त्याला विसाने भागायला लावतात. मुलांना तो उगाच त्रास वाटतो! पण बोटाची चूक दोन्ही वेळा तेवढीच असते. वीस दोलनांच्या वेळात ती नगण्य ठरते, एकात ती डोईजड होते. सामन्याचेही तसेच आहे. ४८ मिनिटांत ०.२ सेकंदाला कोण विचारतो? पण उरलाच ०.१ सेकंद असेल, तर चूक मापापेक्षा मोठी होते.

म्हणून १९९०–९१ च्या हंगामापासून त्या अमेरिकी स्पर्धेत नवा नियम आला. चेंडू झेलून मग फेकायचा असेल, तर घड्याळात निदान ०.३ सेकंद हवेत. ०.२ किंवा ०.१ उरले असतील, तर आलेल्या चेंडूला हवेतच टोलवून कड्यात ढकलता येते, झेलता येत नाही. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांतही ही मर्यादा आली. गंमत पाहा, ०.३ सेकंदात वस्तू ४४ सेंटिमीटर पडते, म्हणजे एक फुटी पट्टी इथे पुरायची नाही.

यंत्राची मदत घेतली गेली ती घड्याळ थांबवण्यासाठी. पंचांच्या अंगावरील छोट्या मायक्रोफोनला शिट्टी ऐकू आली की घड्याळ आपोआप थांबते. ते सुरू करताना मात्र अजून कोणाचे तरी बोटच लागते!

१३ मे २००४ रोजी सॅन अँटोनियो येथे लेकर्स संघाचा डेरेक फिशर याला फक्त ०.४ सेकंद मिळाले. त्याने चेंडू झेलला, वळला आणि टाकला. लेकर्स ७४–७३ असे जिंकले. पंचांनी चित्रफीत तपासली. अशा तपासात फळ्यावरच्या लाल दिव्याचा फार उपयोग होतो, कारण भोंग्याच्या आवाजाला १७ मीटर जायला ०.०५ सेकंद लागतो, तर प्रकाशाचा वेळ धरण्याजोगाही नसतो. दिवा लागण्यापूर्वी चेंडू सुटलेला होता, म्हणून गुण दिले गेले. पण घड्याळ ऐन क्षणी सुरू झाले होते का, हे दिवा सांगू शकत नाही. सॅन अँटोनियोने तक्रार केली ती नेमकी त्याबद्दलच, आणि तीही फेटाळली गेली.