झिजून गेलेल्या पर्वतांची नोंद

आमच्या नागावात ज्याला काळा फत्तर म्हणतात, तो विहिरींच्या बांधकामात, वाड्यांच्या गडग्यांत आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात सगळीकडे एकच आहे: बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला, थिजला आणि त्याचा हा दगड झाला. त्याला ज्वालामुखीची हकिगत ठाऊक आहे. दोन भूखंडांच्या टकरीतून पर्वत कसा उभा राहतो, ते तो सांगू शकत नाही. सह्याद्रीही तसल्या टकरीतून वर आलेला नाही. लाव्हाच्या थरांनी बनलेल्या पठाराची ती झिजलेली कड आहे. टकरीच्या पर्वतांचा इतिहास वाचायचा तर दुसऱ्या जातीचा दगड हवा. भूविज्ञानाच्या ओढीने मी त्या दगडाचा माग घेऊ लागलो, तेव्हा तो माग पूर्व घाटातून थेट अंटार्क्टिकापर्यंत गेला.

हा दगड म्हणजे रूपांतरित खडक. शाळेत आपण अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित असे तीन प्रकार पाठ करतो आणि तिसऱ्यापाशी फार थांबत नाही. प्रत्यक्षात तोच सर्वांत बोलका आहे. खडक जमिनीत खोल गाडला गेला की उष्णता आणि दाब वाढतो. खडक न वितळताच त्यातली खनिजे मोडतात आणि त्याच द्रव्यातून नवी खनिजे घडतात. मग तो पुन्हा वर येऊन थंड झाल्यावर पूर्ववत का होत नाही? रायगड जिल्ह्यातल्या माणसाला याचे उत्तर वीटभट्टीवर मिळेल. भट्टी विझली म्हणून विटेची पुन्हा माती होत नाही. खडक तापताना त्यातले पाणी निघून जाते, आणि पाणी व उष्णता दोन्ही नसतील तर उलट दिशेची प्रक्रिया जवळपास थांबते. त्यामुळे सर्वाधिक तापलेल्या अवस्थेची खूण खडकात टिकून राहते.

ही खूण वाचायची कशी, ते एका उदाहरणाने पाहू. ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाच प्रमाणातून तीन वेगळी खनिजे बनतात. दाब कमी असेल तर अँडालुसाइट, दाब जास्त असेल तर कायनाइट आणि तापमान बरेच चढले तर सिलिमनाइट. द्रव्य एकच, पण अणूंची मांडणी परिस्थितीप्रमाणे बदलते. यांतली कायनाइट आणि सिलिमनाइट ही दोन खनिजे आपल्या भंडारा जिल्ह्यात सापडतात. गार्नेट याहून बारीक हिशेब ठेवते. नवरत्नांतला गोमेद याच कुळातला. गार्नेटचा कण आतून बाहेर वाढत जातो, आणि त्याच्या प्रत्येक वेढ्यातले लोह, मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे प्रमाण त्या वेळच्या तापमानावर आणि दाबावर अवलंबून असते.

दाब कळला की खोली कळते. समजा, एखादा खडक २५ किलोमीटर खोलीवर घडला आणि आज तो उन्हात उघडा पडला आहे. याचा अर्थ त्याच्यावरचे २५ किलोमीटरचे ओझे नाहीसे झाले. तरीही त्याच्याखाली आज ३५-४० किलोमीटर जाडीचे नेहमीचे कवच शिल्लक असेल, तर एके काळी तिथले कवच ६० किलोमीटरच्या पुढे गेलेले असणार. आज एवढे जाड कवच हिमालय आणि तिबेटच्या खाली आढळते. पर्वताचे एकही शिखर उरलेले नसताना तिथे पर्वत होता असे भूवैज्ञानिक म्हणतात, ते या हिशेबावर.

राहिला प्रश्न काळाचा. आमच्या शेजारच्या आक्षीतला मराठी शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२चा मानला जातो, पण त्या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मजकूर हाती असला तरी काळ वेगळा सिद्ध करावा लागतो, आणि खडकांचेही तसेच आहे. तिथे झिर्कॉन आणि मोनाझाइट यांचे सूक्ष्म कण उपयोगी पडतात. त्यांतल्या युरेनियमचे ठरलेल्या गतीने शिसे होत जाते. दोहोंचे प्रमाण मोजले की कण केव्हा वाढला ते कळते.

आता पूर्व घाटाकडे वळू. कोणार्कचे सूर्यमंदिर ज्या खोंडालाइट दगडाचे आहे, त्यात गार्नेट आणि सिलिमनाइट असते. खोंड आदिवासींवरून त्याला हे नाव पडले. मुळात तो गाळ होता. खोल गाडला जाऊन, भाजून निघून तो असा झाला. पूर्व घाटातल्या या भट्टीचा एक मोठा काळ सुमारे १०० ते ९० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या ‘रेनर’ खडकसमूहात तशाच तापमानाच्या आणि त्याच काळाच्या नोंदी मिळतात. भारत आणि अंटार्क्टिका सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी अलग झाले. मधला समुद्र मिटवून किनारे जुळवले की दोन्हीकडच्या नोंदी एकाच पर्वतरांगेच्या ठरतात. ती रांग घडली तेव्हा तिथे आजचे हिमकवच नव्हते. ते गेल्या साधारण ३.४ कोटी वर्षांतले आहे. ‘ध्रुवीय’ हा या खडकांचा आजचा पत्ता आहे, जन्मस्थान नव्हे.

भारताचे ‘भारती’ हे केंद्र २०१२पासून याच भागातल्या लार्समन टेकड्यांवर आहे. आपल्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे जहाज डिसेंबर १९८१मध्ये गोव्याहून निघाले, आणि आजही या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्कोला आहे. लार्समनचे खडक मात्र सरळ उत्तर देत नाहीत. तिथे जुन्या नोंदीवर सुमारे ५५ ते ५० कोटी वर्षांपूर्वीची दुसरी भाजणी चढली आहे. ती भाजणी दोन भूखंडांच्या नव्या टकरीची, की आधीच जोडलेल्या भूमीच्या आतल्या घडामोडींची, यावर अभ्यासकांत वाद आहे. गोंडवन हा महाखंड किती तुकड्यांतून आणि कधी जुळला, याचे उत्तर या वादाच्या निकालावर अवलंबून आहे.

आणि पुरावा थोडा आहे. अंटार्क्टिकाचा एक टक्क्याहूनही कमी भाग बर्फाबाहेर आहे. तिथे माती-झाडोरा नसल्याने खडक स्वच्छ दिसतो खरा, पण दोन उघड्या जागांच्या मधले सारे बर्फाखाली राहते. म्हणून प्रत्येक उघड्या टेकडीला मोल आहे. १९९१च्या माद्रिद कराराने तिथे खाणकामाला बंदी घातली, आणि लार्समनमधल्या स्टॉर्नेस द्वीपकल्पाला २०१४मध्ये विशेष संरक्षण मिळाले, तेही तिथल्या दुर्मीळ खनिजांसाठी. तिथे दगड राखला जातो तो वाचण्यासाठी. आपल्याकडे पूर्व घाटात याच पर्वताचा दुसरा अर्धा भाग उघड्यावर आहे आणि तो खाणींत व खडीच्या यंत्रांत जातो आहे. बर्फाखालचे पान आज वाचता येत नसले तरी ते सुरक्षित आहे; फोडलेल्या दगडाचे पान पुन्हा मिळणार नाही.