न्यायाधीश खरंच हसले होते?

विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या मोहनदास गांधींना मुंबईत पहिली केस मिळाली ती स्मॉल कॉजेस कोर्टात, ममीबाईंची. फी ठरली ३० रुपये. काम सोपं, एका दिवसात उरकणारं. वादीच्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला बॅरिस्टरसाहेब उभे राहिले आणि त्यांचं डोकं गरगरू लागलं. विचारायला एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले, फी परत घ्या आणि पटेलांना वकील करा म्हणाले. पटेलांनी ५१ रुपये घेतले; त्यांच्यासाठी तो पोरखेळ होता. ममीबाई जिंकल्या की हरल्या हे कळायच्या आतच गांधी कोर्टातून निघाले.

आत्मकथेत हा प्रसंग सांगताना त्यांनी एक बारीक तपशील नोंदवला आहे. न्यायाधीश हसले असतील, वकिलांना मजा वाटली असेल, असं ते लिहितात आणि लगेच सांगतात की आपल्याला त्या वेळी काही दिसतच नव्हतं. मग ते हसू पाहिलं कोणी? खरं असेलही. पण गांधींनी ते मनानेच भरून काढलं होतं. चारचौघांत बुजणाऱ्या माणसाला आपण अंतर्मुख म्हणतो. वास्तविक तो आत डोकावत नसतो. तो समोरच्याच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि तिथून स्वतःला न्याहाळतो.

मानसशास्त्राने हा फरक बराच उशिरा मोजायला घेतला. १९७५ मध्ये फेनिगस्टाइन, शायर आणि बस या तिघांनी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात स्वतःच्या विचार-भावनांकडे लक्ष असणं आणि आपण इतरांना कसे दिसतो याकडे लक्ष असणं, अशा दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. लोकांत गेल्यावर वाटणारी धास्ती ही तिसरी. एकाच माणसात तिन्ही सारख्याच असतील असं नाही. रोज डायरी लिहिणारा स्टेजवर बिनधास्त असू शकतो.

पण लोक खरोखर किती पाहतात? कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आता चांगलाच गाजलेला आहे. एका विद्यार्थ्याला गायक बॅरी मॅनिलोचा मोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला द्यायचा. तरुणांत असा शर्ट म्हणजे पुरती शोभा. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं आणि थोड्याच वेळात बाहेर बोलवायचं. शर्टावर कोण होतं, हे किती जणांना सांगता येईल? शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना सांगता आलं. पुढे बॉब मार्लीसारख्या, मिरवावेसे वाटणाऱ्या चेहऱ्यांचे शर्ट दिले, तर तो आकडा दहा टक्क्यांच्याही खाली गेला. म्हणजे लाज जशी लोकांच्या नजरेतून सुटते, तसा थाटही सुटतो. लग्नासाठी महिनाभर साडी शोधणाऱ्यांनी हे मनावर घेऊ नये.

स्वतःला बाहेरून न्याहाळणारी ही नजर जन्मतः नसते. ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ मध्ये तीन ते चोवीस महिन्यांच्या ८८ मुलांच्या नाकावर रंगाचा ठिपका लावून त्यांना आरशासमोर ठेवलं. लहानग्यांनी आरशातल्या बाळाशी खेळ मांडला. वीस महिन्यांच्या पुढची मुलं मात्र स्वतःचं नाक चाचपू लागली. (आपल्याकडे बाळाला तीट लावतातच, म्हणजे निम्मा प्रयोग घरोघरी होतो. फक्त इथे ठिपका बाळाच्या नकळत लागलेला हवा.) मायकल लुइस यांच्या १९८९ मधल्या निरीक्षणांत आणखी एक धागा सापडला. कौतुक झालं की लाजणारी, मान फिरवणारी मुलं बहुतेक तीच होती, ज्यांना आरशातलं आपण ओळखता येत होतं. लाजायला आधी ‘मी’ लागतो.

आरसा नुसता लाजवतोच असंही नाही. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीनर आणि वॉलबॉम यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना खोलीत एकटं बसवून शब्दकोडी दिली होती आणि घंटा वाजली की थांबा असं बजावलं होतं. समोर आरसा नसलेल्यांतल्या ७१ टक्क्यांनी घंटेनंतरही पेन चालू ठेवलं. समोर आरसा आणि कानावर स्वतःचाच ध्वनिमुद्रित आवाज असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं.

आता खरोखर आत पाहणाऱ्यांचं. त्यांना तरी नीट दिसतं का? निस्बेट आणि विल्सन यांनी १९७७ च्या लेखात सांगितलेली गोष्ट एका दुकानातली आहे. टेबलावर नायलॉनच्या पायमोज्यांच्या चार जोड्या मांडल्या होत्या. चारही हुबेहूब सारख्या. उत्तम कोणती, असं विचारल्यावर उजव्या टोकाच्या जोडीला डाव्या टोकाच्या जवळजवळ चौपट पसंती मिळाली. कारण विचारलं तर पोत, वीण, दर्जा. ती उजवीकडे होती म्हणून निवडलीत का, असं विचारताच गिऱ्हाईक ठाम नाही म्हणे, वर विचारणाऱ्याकडेच काळजीने पाही. आपण आत पाहून सांगतो ते पुष्कळदा नंतर रचलेलं स्पष्टीकरण असतं. ‘मला माझं मन माहीत आहे’ हे वाक्य म्हणूनच जरा जपून वापरलेलं बरं.

संकोच हाताबाहेर गेला की त्याचा आजार होतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये त्याचं दुष्टचक्र मांडलं. हात थरथरतील या भीतीने माणूस कप घट्ट धरतो. स्नायू ताठतात आणि कप आणखी हलतो. वाक्य मनात घोळवून मगच बोलायचं ठरवतो, तेवढ्यात गप्पा पुढे जातात. तो घाबरलाय हे समोरच्याला कळतही नाही. त्याला वाटतं, माणूस तुसडा आहे.

यावरच्या उपचारात व्हिडिओ कामी येतो. रुग्ण एखाद्याशी बोलतो, त्याचं चित्रीकरण होतं. पण ते लगेच दाखवत नाहीत. तुम्ही किती लाल दिसाल, हात किती हलतील, हे आधी त्याच्याकडून तपशीलवार वदवून घेतात. मग पडद्यावरचा माणूस परका आहे असं समजून पाहायला सांगतात. पुढच्या वेळी बोलताना लक्ष स्वतःच्या छातीतल्या धडधडीवर ठेवायचं नसतं, समोरचा काय म्हणतोय त्यावर ठेवायचं असतं. पहिल्यांदा हे बहुतेकांना भयंकर अवघड जातं.